मुदतीआधी

माणगावे हवालदारानं फटफटी गिरणीच्या दारात उभी केली, टोपी काढून कपाळ पुसलं आणि उंबऱ्याबाहेरूनच मला विचारलं, "बाई, मयत विलास शिंगटे यांचं घर कुठलं?"

मी चक्कीत ज्वारी ओतत होते. मयत हा शब्द आमच्या दारात बऱ्याच वर्षांत कुणी काढला नव्हता. मी म्हणाले, "हेच."

"आणि बंदी दिनकर शिंगटे याचं?"

"तेबी हेच."

त्यानं हातातले दोन कागद वरखाली करून पाहिले. "तुमच्या लक्षात नाही आलं. एक मयताचं घर, एक आरोपीचं घर. मला दोन्हीकडं जाऊन जबाब घ्यायचेत."

"मग एकदा ह्या दारानं या आणि एकदा मागच्या, परड्यातल्या दारानं या. दोन घरं होतील."

दळणाला बसलेल्या बायका फिस्कन हसल्या. हवालदार हसला नाही. तालुक्याला नवीन बदलून आलेला माणूस, त्याला आमचं काही ठाऊक नव्हतं. मग मीच मोटार बंद केली आणि बाहेर येऊन त्याला सांगितलं. मारणारा आणि मेलेला सख्खे भाऊ. दिनकर थोरला, विलास धाकटा. मी विलासची बायको मालन. आत चुलीपाशी बसलीय ती दोघांची आई. थोरल्याची बायको शालन खटल्यानंतर मुलं घेऊन माहेरी गेली ती गेलीच. त्यामुळं मयताच्या वतीनं बोलणारी मी आणि आरोपीच्या वतीनं बोलणारी माझी सासू, म्हणजे आत्याबाई, आम्ही एका चुलीवर जेवतो.

"अवघड आहे," हवालदार म्हणाला.

"आम्हाला सवय झालीय," मी म्हणाले.

गिरणी दोघा भावांची होती. विलासला ती विकून विट्याला दुकान टाकायचं होतं, दादांना विकायची नव्हती. थोरल्या दिरांना मी दादा म्हणत असे आणि अजूनही तोंडात तेच येतं, त्याला माझा इलाज नाही. वर्षभर दोघांची धुसफूस चालली होती. एका सकाळी चक्कीचा पट्टा चढवताना शब्दाला शब्द लागला आणि दादांच्या हातात लोखंडी पाना होता. पहिल्या घावाला विलास गुडघ्यावर आला. दुसरा घाव तो गुडघ्यावर असताना बसला. मी आणि आत्याबाई दारात होतो. आत्याबाईंनी माझा दंड असा धरला होता की पुढं आठवडाभर तिथं वळ होते.

सांगलीच्या कोर्टात केस उभी राहिली तेव्हा दादांच्या वकिलानं शालनवहिनीकडून मला निरोप धाडला. वहिनी माझ्या पायाशी बसून म्हणाली, "मालन, एकच घाव म्हण. एका घावाला खून धरत न्हाईत म्हणं, धा वर्षाच्या आत भागतं. दोन म्हणलीस की जन्मठेप." शिक्षेचा असा दर असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

माझ्या आधी आत्याबाईंची साक्ष झाली. त्या म्हणाल्या, "मी परड्यात शेण भरत हुते. मी काय बगितलं न्हाई." सरकारी वकिलानं त्यांना फितूर म्हणून जाहीर केलं. मग मला पुकारलं. मी दोन सांगितले, कारण दोन होते. दादांना जन्मठेप लागली.

त्या दिवशी आम्ही दोघी एकाच एस.टी.नं घरी आलो. दुसरी गाडीच नव्हती. मी मुद्दाम मागं जाऊन बसले, तर आत्याबाई उठून माझ्याशेजारी आल्या. "खिडकीकडं सरक," त्या म्हणाल्या, "तुला गाडी लागती." साक्षीबद्दल त्या दिवशी आम्ही बोललो नाही. नंतरही कधी नाही.

मी माहेरी का गेले नाही असं लोक विचारतात. माहेरी भावजया होत्या आणि इथं गिरणी होती. रणजित सहा वर्षांचा होता. मी पट्टा चढवायला शिकले, चक्कीचे झिजलेले दगडी पाटे टाकीनं टाकायला शिकले, बायकांना ओळीत बसवायला तर फारच लवकर शिकले. आत्याबाई रणजितला सांभाळायच्या. त्याला अंघोळ घालणं, शाळेत पोचवणं, रात्री कुशीत घेणं सगळं त्यांचं. माझ्यापेक्षा तो त्यांचाच जास्त.

दादांची पत्रं यायची. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती, तेव्हा वाचून दाखवायचं काम माझ्याकडं. ज्यानं माझं कुंकू पुसलं त्याची खुशाली मीच मोठ्यानं वाचायची! पहिली काही वर्षं मी पत्र असं वाचायचे की जणू विजेचं बिल वाचतेय. पुढं तेवढा जोर राहिला नाही. दादा जेलातल्या सुतारखान्यात होते. खुर्च्या करायचे. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य असायचं, "आईस सांगणे की आता थोडेच राहिले."

गावाचा हिशेबही तोच होता, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं. गावाला हे बापू खराड्यांमुळं पाठ झालेलं. बापूंनी जुन्या काळात बांधाच्या भांडणात एकाचा कोथळा काढला होता आणि सूट धरून चौदा भरली म्हणून नऊ-दहा वर्षांतच सुटून आले होते. गावानं हार घातला. पुढं ते पंचायतीत निवडूनही आले, शाळेच्या झेंडावंदनाला खुर्चीत बसायचे. त्यामुळं दादांचं चौदावं वर्ष लागलं तसं लोक आत्याबाईंना विचारायला लागले, "काय म्हातारे, दिनकर कवा येतोय?"

आत्याबाई म्हणायच्या, "सरकार सोडंल तवा."

आणि आता सरकारचा माणूस दारात उभा होता.

मी हवालदाराला चिंचेखाली खुर्ची टाकून दिली. चहा दिला. तो घेता घेता म्हणाला, "बाई, खराड्यांचा काळ गेला. तेव्हा महिन्यामागं सूट मिळत जायची आणि पोलीसपाटलाच्या एका शेऱ्यावर माणूस घरी यायचा. आता तक्ता आहे. गुन्हा कसा केला, कुणाचा केला, ठरवून केला की रागात केला, त्याप्रमाणं वर्षं. आणि दिवसेंदिवस ती वाढतच चाललीत. नव्या केसला तर काही ठिकाणी कोर्ट आधीच लिहितं की इतकी वर्षं ह्याला सोडायचंच नाही. तुमचा दिनकर जुन्या नियमातला आहे. त्याची वागणूक चांगली आहे, जेलचा शेरा चांगला आहे. आता घरच्यांचं मत काय येतं त्यावर बरंच आहे."

"आमच्या मतावर?"

"सगळंच नाही. पण मयताची बायको हरकत नाही म्हणाली आणि आई सांभाळते म्हणाली, तर साहेब अडवून धरणार नाहीत. हरकत आली, तर मात्र फाईल मागं जाते. मग पुन्हा कधी वर येईल ते मी सांगू शकत नाही."

हे आधी कळलं असतं तर मी रात्रभर विचार केला असता, असं काही नाही. मी आधीच ठरवून ठेवलं होतं. आत्याबाईंच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, दुसरा अंधुक झाला होता. शेळीला हाक मारताना त्या कधीकधी "दिनकर" म्हणायच्या आणि मग माझ्याकडं बघून गप्प व्हायच्या. चौदा वर्षांत त्यांनी माझ्याजवळ दादांसाठी एक शब्द टाकला नव्हता. टाकला असता तर मी भांडले असते. त्या टाकत नव्हत्या, त्यामुळं मला भांडताही येईना. दादांना मी माफ केलं होतं असं कुणी समजू नये. मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं. पण म्हातारीला बघायचं होतं, आणि तिला दिसतंय तोवर ते व्हावं एवढं मला वाटत होतं.

"जबाब एकेकीचा घेणार," हवालदार म्हणाला. "एकीचा चालू असताना दुसरीनं ऐकायचं नाही. आधी तुमचा."

मी सांगितलं, "माझी हरकत नाही."

त्यानं मान वर केली. "विचार करून सांगा."

"केलाय. लिहा. मयताची पत्नी म्हणून माझी हरकत नाही. पण एक वाक्य पुढं घाला. मी माफ केलेलं नाही."

"ते वाक्य कागदात बसत नाही, बाई."

"मग राहू द्या. मला ठाऊक आहे तेवढं पुरे."

मी सही केली आणि आत जाऊन आत्याबाईंना हाताला धरून बाहेर आणलं. खुर्चीत बसवलं. माझा हात सोडून त्या म्हणाल्या, "तू जा, गिरनी चालू कर. बायका खोळंबल्यात."

"थांबते की जरा. तुम्हाला ऐकू येत नाही नीट."

"जा म्हणती न्हवं! मोटार लाव."

मला वाटलं, लेकासाठी पदर पसरायचा आणि तोही माझ्यासमोर, म्हणून म्हातारीला संकोच होतोय. मला जरा भरूनच आलं. मी आत जाऊन मोटार लावली. चक्कीच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येईना. बायकांतली एक माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "काय सांगितलंस गं?" मी पण ओरडून सांगितलं, "सोडा म्हणाले." तिनं कपाळाला हात लावला.

एवढ्यात लाईट गेली. तेव्हा भारनियमनाला वेळकाळ नव्हता. चक्की हळूहळू थांबली, पट्टा फडफडून गप्प झाला आणि चिंचेखालचं बोलणं स्वच्छ ऐकू यायला लागलं, कारण आत्याबाईंसाठी हवालदार वरच्या पट्टीत बोलत होता.

"आजी, तुमचं काहीतरी चुकतंय. तुम्हाला म्हणायचंय, हरकत नाही."

"चुकत न्हाई. हरकत हाय."

"अहो, तुमचा मुलगा आहे तो!"

"माज्या पोटचा हाय, मला म्हाईत हाय. लिवा. सोडू नगा."

"कारण काय लिहू?"

"कारन कशाला?"

"कारण लागतं. नुसती हरकत चालत नाही."

आत्याबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "लिवा, माजं त्याचं पटत न्हाई."

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी दारात गेले तोवर हवालदार शाईचा डबा उघडत होता आणि आत्याबाईंनी आपण होऊन अंगठा पुढं केला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. दोन्ही कागद घडी करून खिशात घातले आणि फटफटी मारून निघून गेला.

मला राग आला, असा राग विलास गेल्यानंतर आला नव्हता. बायकांना मी डबे ठेवून घरी पाठवलं. आत्याबाई चिंचेखाली बसून पदराला अंगठा पुसत होत्या. मी समोर उभी राहिले.

"काय केलं हे? मी सोडा म्हणून सही केली. कुणासाठी केली? माझ्यासाठी? मला काय त्यांच्या हातच्या खुर्च्यांवर बसायचंय?"

"तुला ऐकू आलं?" त्या म्हणाल्या. "लाईट मेली कुठं तडफडली!"

"कोर्टात त्यांच्यासाठी खोटं बोललात. मी काही बोलले का? एवढी वर्षं काही बोलले? आणि आज ते सुटत होते तर तुम्हीच दार लावलं?"

"बस खाली."

"नाही बसत."

"मग हुबी ऱ्हा." त्यांनी आवाज खाली आणला. "रणजित काय इचारत हुता ठावं हाय तुला?"

रणजित तेव्हा विसाव्या वर्षात होता. विट्याला गॅरेजात कामाला जायचा. तोंडानं कमी बोलायचा आणि आजीचं औषधपाणी न चुकता आणायचा. त्याच्या फटफटीच्या टाकीवर विलासचा, त्याच्या अण्णांचा, फोटो चिकटवलेला असे. मला ते बरं वाटायचं.

"काय विचारत होता?"

"दिवाळीच्या टायमाला. माझ्या डोळ्यात थेंब घालत हुता. घालता घालता म्हणला, आज्जी, एका घावाला किती वर्सं पडत्यात? म्या म्हणलं, कसला घाव? तर म्हणला, वकिलाला इचारलं मी. रागात एकच घाव घातला तर जन्मठेप व्हत न्हाई. जरा वर्सं काढायची आन् भाईर यायचं. मग पापणी पुसली माझी आन् म्हणला, त्यो कवा सुटतोय म्हणं?"

मी खाली बसले.

"वरडून बोलला आसता तर म्या भ्याले नसते," आत्याबाई म्हणाल्या. "दिनकर वरडायचा. ह्यो हळू बोलला. थेंब बी सांडला न्हाई त्याचा."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं आसतंस? तू आई. तूच हरकत घेतली आसतीस. मग गाव म्हणलं आसतं, भावजयीनं दावा साधला. दिनकरच्या मनात बी त्येच बसलं आसतं आन् भाईर आल्यावर त्यानं तुला सुखानं जगू दिलं नसतं. मी माझ्या लेकाला नगं म्हणलं तर कुणाला काय बोलायचं हाय? म्हातारी चळली म्हनतील. म्हनूद्यात."

"आणि दादांना कळलं तर?"

त्यांच्या बऱ्या डोळ्यातून पाणी आलं ते तसंच वाहू दिलं. मग म्हणाल्या, "त्याला आत जेवायला मिळतंय. काम मिळतंय. जित्ता हाय. ह्यो आत गेला तर मला पुन्हा चौदा वर्सं न्हाईत गं मोजायला."

हवालदाराला कारण का सांगितलं नाही हे मी विचारलं नाही. नातवाचं नाव पोलिसाच्या कागदावर चढवून कोणती आजी घरी झोपेल?

त्या संध्याकाळी रणजित जेवायला बसला तेव्हा मी सरळ विचारलं. त्यानं भाकरी मोडली. "सहज इचारलं हुतं," म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले आणि मला त्यात काही सापडलं नाही. आपल्याच पोराच्या तोंडात काही सापडू नये, ह्याच्यासारखी भीती दुसरी नाही. महिन्याभरात मी माझ्या भावाच्या मागं लागून त्याला चाकणला एका कंपनीत चिकटवलं. तो गेला. सणाला यायचा, गप्प बसायचा, जायचा. फोटो टाकीवर तसाच.

दादांची फाईल मागं गेली. त्यांचं पत्र आलं. "घरून हरकत आल्याचे साहेबांनी सांगितले. असो. आईस सांगणे की आता थोडेच राहिले." मी हरकतीचं वाक्य गाळून वाचलं. आत्याबाई म्हणाल्या, "मधलं काय ते बी वाच." मी म्हणाले, मधलं काही नाही. त्यांनी मान हलवली. माझ्या वाचण्यातलं कुठलं वाक्य खरं आणि कुठलं गाळलेलं हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला लागलं होतं.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले आणि आत्याबाई गेल्या. दुपारच्या जेवणानंतर आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. कळंब्याच्या जेलला तार-फोन झाले आणि दुसऱ्या दिवशी दादांना अंत्यविधीपुरतं आणलं. निळी गाडी चिंचेखाली थांबली, आधी दोन पोलीस उतरले आणि मग दादा. मी त्यांना ओळखलंच नाही. डोक्यावर केस उरले नव्हते, खांदे उतरलेले. हात मात्र तेच होते.

रणजित चाकणहून आला होता. तिरडीचा पुढचा खांदा त्याचा होता. मडकं दादांच्या हातात. मी स्मशानात गेले नाही, आमच्यात बायका जात नाहीत, पण वेशीपर्यंत माझी नजर रणजितच्या पाठीवरून हलली नाही. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर आणि पोलिसांचं लक्ष तंबाखूकडं. आत्याबाईंसाठी रडायचं मला त्या दिवशी सुचलंच नाही.

सगळे परत आले. पाण्यानं पाय धुतले. पोलिसांना घाई होती. गाडीकडं जाता जाता दादा गिरणीपाशी थांबले. मी दारात होते. रणजित आत, चक्कीच्या मागं, लोकांची नजर टाळून बसला होता.

"मालन," दादा म्हणाले. मोठा दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर असं बोलत नाही आमच्याकडं, त्यांनीही माझ्याकडं न बघता जमिनीकडं बघून विचारलं. "घरनं हरकत गेली हुती. जेलात सायबानं सांगितलं. कुणाची ते सांगितलं न्हाई. घरचे म्हणला."

मी पदर डोक्यावर ओढला.

"तुजी आसली तर माजी काय तक्रार न्हाई. तुजा हक्कच हाय. दोन म्हणलीस तवा बी तू खरंच बोललीस. पर तवापासनं माज्या डोक्यात एकच बसलंय. आईची तर नसंल? तिनं तर न्हाई मला नगं म्हणलं? एवढंच सांग. मग मी जातो."

पोलीस म्हणाला, "चला, दिनकर."

आत्याबाईंनी अंगठा दिला तेव्हा सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, गावाचं बोलणं आणि लेकाचा तळतळाटसुद्धा. त्या होत्या तोवर ते त्यांचं होतं. आता त्या नव्हत्या, आणि हा माणूस आईला अग्नी देऊन आला होता. मला त्याच्याबद्दल दया आली म्हणू का? आली. मला स्वतःचाच राग आला, पण आली.

"माझी होती," मी म्हणाले. "आत्याबाईंनी सोडा म्हणून अंगठा दिला होता. हवालदारानं माझ्यासमोर घेतला. हरकत मी घेतली. माझ्या नवऱ्याला मारलंत तुम्ही. मी का सोडू?"

शेवटची दोन वाक्यं मी ओरडून बोलले. ती खोटी नव्हती. इतकी वर्षं ती पोटात होती आणि त्या दिवशी त्यांना वाट मिळाली.

दादांनी मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. तापातून उठलेला माणूस पहिला घोट घेतो तसं ते तोंड झालं. "मग काय न्हाई," ते म्हणाले. "मग हरकत न्हाई." हात जोडले आणि गाडीत जाऊन बसले.

मी वळले तर रणजित माझ्या पाठीमागं उभा.

सगळं ऐकलं होतं त्यानं. त्याचा चेहरा सहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. "आई," तो म्हणाला, "तू हरकत घेतलीस?"

आता ह्याला काय सांगू? खरं सांगितलं तर आजी जाते, आणि आजी का नको म्हणाली तेही सांगावं लागतं. "घेतली," मी म्हणाले.

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुला काय करायचं होतं?"

तो चक्कीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. बाप गेला तेव्हासुद्धा तो असा रडला नव्हता, तेव्हा त्याला कळतच नव्हतं. "मला वाटायचं," तो म्हणाला, "ह्या घरात अण्णांच्या बाजूचं कुणीच न्हाई. आज्जी त्याची पत्रं ऐकायची. तू वाचून दाखवायचीस. त्यो सुटून येणार, तुम्ही दोघी त्याला ताट वाढणार, आन् अण्णांचं नाव कुणी काढणार न्हाई. म्हणलं, मग मीच बगतो."

मी त्याचं डोकं पोटाशी धरलं. बाहेर गाडी निघाल्याचा आवाज आला. त्यानं मान उचलूनसुद्धा बघितलं नाही.

दादांना त्यानंतर चार वर्षांनी सोडलं. पुढच्या वेळी हवालदार आला तेव्हा मी एकटीच होते, एकच कागद होता, आणि मी पहिल्यासारखीच हरकत नाही म्हणून सही केली. दादा एस.टी.तून उतरले तेव्हा रणजित पारावर बसला होता, सुट्टीला आलेला, मांडीवर त्याची पोरगी. पारावरची माणसं बोलायची थांबली. दादांच्या हातात पत्र्याची पेटी होती आणि पारावरून खाली वाट अरुंद आहे. रणजितनं त्यांच्याकडं बघितलं, पोरीचे पाय जवळ घेतले आणि त्यांना जायला जागा दिली. बोलला नाही. आजही त्या विषयावर बोलत नाही.

दादा वरच्या आळीला खोली घेऊन राहिले. सुतारकाम करायचे. आमच्या गिरणीत दळण टाकलं नाही, शेजारच्या गावी जायचे. गावात कुणी विचारलं की सांगायचे, "आईनं सोडा म्हणलं हुतं. भावजयीनं अडवलं." गावानं ते खरं धरलं. हळदीकुंकवाला बायका मला बोलवायच्या नाहीतच, आता वाटेत दिसले तर बोलणंही आखडतं घेऊ लागल्या. कठीण काळजाची बाई म्हणून माझं नाव झालं.

गेल्या साली दादा गेले. शेवटच्या आजारात शालनवहिनी येऊन राहिली होती. तिनं सांगितलं, जाताना बडबडत होते आणि सारखं एकच म्हणत होते, "आईनं अंगठा दिला हुता." मी म्हणाले, हो, दिला होता. ते ऐकून वहिनीनं माझ्याकडं पाठ फिरवली.

फिरवू दे. दादांना आणि रणजितला मी ज्याची त्याची आई दिली, आणि त्यासाठी मला एकच खोटं बोलावं लागलं. आत्याबाईंना कोर्टात खोटं बोलून लेकाला वाचवायला जमलं नव्हतं.